सोलापूरहून पुण्यात बिऱ्हाड हलवताना: वाढलेल्या पगारातून खरंच किती उरेल, ते कसं काढायचं

पुण्यातून ऑफर आली की घरात दोन प्रकारचे सल्ले सुरू होतात. एकीकडून ‘एवढी वाढ मिळतेय, डोळे झाकून जा’ आणि दुसरीकडून ‘पुण्यात काही उरत नाही रे, आमच्या साडूंचं बघतोय ना’. सल्ला देणाऱ्या दोघांनाही तुमच्या घरचा खर्च माहीत नसतो. सारख्याच पगारावर पुण्यात राहणाऱ्या दोन सोलापुरी घरांपैकी एकाची महिन्याला दहा-पंधरा हजार शिल्लक पडते आणि दुसऱ्याला पंचवीस तारखेनंतर उसनवार करावी लागते. फरक असतो तो घर कुठे घेतलं, मुलं कोणत्या शाळेत घातली आणि गावाकडून पोत्यात बांधून काय काय येतं याचा.

म्हणून सोलापूर आणि पुणे या शहरांची तुलना करत बसू नका. तुमच्या आजच्या घराची तुमच्याच उद्याच्या घराशी करा. वही घ्या नाहीतर एक्सेल उघडा आणि दोन रकाने पाडा. मी उदाहरण सोलापूरचं घेतलंय. लातूर, सांगली, नांदेड, धाराशिवच्या मंडळींनी आपापले आकडे घालावेत, रीत तीच आहे.

पायरी १: ऑफर लेटरमधून हातात येणारा पगार वेगळा काढा

सीटीसीच्या (तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च) आकड्यावर कुठलाही हिशोब मांडू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते (बेसिकच्या साधारण ४.८१ टक्के), गटविम्याचा हप्ता असतो आणि ‘व्हेरिएबल’ नावाची आशा असते. एचआरला सरळ विचारा, “दर महिन्याला खात्यात किती जमा होतील? नमुना सॅलरी स्लिप पाठवाल का?” हे विचारण्यात कमीपणा नाही. व्हेरिएबल हिशोबात शून्य धरा. मिळालं तर दिवाळी.

कराचा भाग आपल्यासारख्या बऱ्याच जणांसाठी सोपा झालाय. व्यवसाय कर राज्यभर सारखाच, वर्षाला २,५०० रुपये. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत नोकरदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर प्राप्तिकर भरावा लागत नाही. त्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सूटही नाही, त्यामुळे या मर्यादेतल्यांनी भाडेपावत्यांच्या मागे धावू नये. जुनी प्रणाली धरून असलेल्यांनी मात्र घर ठरवण्याआधीच घरमालकाला पॅन देणार का ते विचारावं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की ऑफिसात तो द्यावा लागतो, आणि तो द्यायला काचकूच करणारे मालक पुष्कळ आहेत.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन येणाऱ्यांचं गणित वेगळं. केंद्राच्या यादीत पुणे ‘एक्स’ गटात आणि सोलापूर ‘वाय’ गटात आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून घरभाडे भत्ता अनुक्रमे बेसिकच्या ३० आणि २० टक्के मिळतो. बेसिक ५०,००० असेल तर सोलापुरात १०,००० मिळत होते, पुण्यात १५,००० मिळतील. बदलीवर येणाऱ्याला मुख्य वाढ म्हणायची ती एवढीच. खासगी नोकरीवाल्याला निदान घासाघीस तरी करता येते.

पायरी २: सोलापूरचा खरा खर्च, फुकटच्या गोष्टींसह

मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढा. डोक्यातून लिहिलेला खर्च नेहमी कमीच भरतो. वर्षातून एकदा येणारे खर्च (विमा, शाळेची फी, गाडीचा विमा, दिवाळी, लग्नातले आहेर) बेरीज करून बाराने भागा आणि महिन्याच्या रकान्यात टाका.

आता महत्त्वाची यादी. सोलापुरात ज्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत अशा गोष्टी लिहा. वडिलांचं घर, म्हणून भाडं नाही. शेतातली ज्वारी, तूर, शेंगदाणे येतात. पोरगं आजीकडे राहतं. ऑफिसातून दुपारी जेवायला घरी येता येतं. लग्नकार्याला भावाची गाडी असते. गल्लीतले डॉक्टर फोनवर औषध सांगतात. यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे पुण्यात तिचे काय पडतील ते लिहा. आजीच्या जागी पाळणाघर येतं आणि घरच्या जेवणाच्या जागी ऑफिसचं कँटीन नाहीतर डबा.

धान्याचंच बघा. भाकरीवर वाढलेल्या घराला महिन्याला पंधरा-वीस किलो ज्वारी लागते. ती घरची असते तेव्हा तिचा हिशोब कुणी करत नाही. पुण्यात तीच मालदांडी दुकानातून किलोने घेतली की दर ऐकून घरातली बाई आपोआप चपातीकडे वळते. गावाकडून पोतं आणायची सोय चालू ठेवता येणार असेल तर तसं लिहा, पण आणणार कशातून, तेही लिहा.

पायरी ३: जे बदलत नाही ते बाजूला काढा

ही पायरी लोक गाळतात आणि मग घाबरतात. कर्जाचा हप्ता, विमा, मोबाइल रिचार्ज, आई-वडिलांना पाठवायचे पैसे सोलापुरात जितके तितकेच पुण्यात. साबण, तेल, बिस्किटं, औषधं यांच्या पाकिटावरची किंमत दोन्हीकडे एकच. पेट्रोलमध्ये फार तर रुपया-दोन रुपयांचा फरक.

विजेचंही तसंच. सोलापूर असो की पुणे, घरगुती वीज महावितरणचीच. युनिटचे टप्पे तेच, दर तोच. युनिट मात्र बदलतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये कूलर-एसी जितका चालतो तितका पुण्यात चालत नाही, उलट पावसाळ्यात आणि थंडीत गीझर जास्त चालतो. माझ्या मते बिल जवळपास सारखंच धरायला हरकत नाही. फक्त एक सांभाळा: काही घरमालक, विशेषतः खोल्या आणि कॉट बेसिसवाले (खोलीतली एकच खाट भाड्याने देणारे), सबमीटर लावून युनिटमागे आपला दर घेतात. बिल महावितरणच्या नावाचं थेट मिळेल का, ते विचारा.

इथे तयार कॅल्क्युलेटरांबद्दल. नंबिओसारख्या साइटवर दोन शहरांची नावं घातली की ‘पुण्यात इतके टक्के जास्त लागतील’ असं उत्तर येतं. तिथले बरेच आकडे साइटवर येणाऱ्या लोकांनीच भरलेले असतात, आणि शहर लहान असेल तर भरणारेही कमी. शिवाय त्यांच्या मुख्य राहणीखर्च निर्देशांकात घरभाडं धरलेलंच नसतं, ते वेगळ्या निर्देशांकात असतं. पुण्यात सगळ्यात मोठा फरक नेमका भाड्याचा.

दुसरी गफलत जास्त शिकलेले लोक करतात. केंद्राच्या कामगार ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्रनिहाय जाहीर होतो. काही जण दोन शहरांचे आकडे घेऊन भागाकार करतात. हा भागाकार निरर्थक आहे. या मालिकेत प्रत्येक केंद्राची स्वतःची २०१६ सालची पातळी १०० धरलेली असते. त्यानंतर त्या शहरात महागाई किती वाढली एवढंच त्यातून कळतं. कोणतं शहर महाग, ते कळत नाही. स्वस्त शहराचा निर्देशांक महाग शहरापेक्षा वर असू शकतो.

पायरी ४: भाडं आणि प्रवास एकत्र मोजा

आता खरा विषय. पुण्यात भाडं आणि ऑफिसचा प्रवास वेगळे मोजायचेच नाहीत. ऑफिसपासून लांब गेलं की भाडं उतरतं आणि वेळ, पेट्रोल, कंबरदुखी वाढते.

आधी भाड्याचा खरा आकडा मिळवा. पोर्टलवर दिसतो तो मालकाने मागितलेला, ठरलेला नव्हे. एका भागातल्या सात-आठ जाहिरातींना फोन करा आणि मधला आकडा धरा. मग एका रविवारी तिथे जाऊन सोसायटीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि किराणावाला या तिघांशी बोला. कोणत्या इमारतीत फ्लॅट रिकामा आहे, मालक कसा आहे आणि मागचा भाडेकरू का गेला, हे इस्त्रीवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. जाहिरातीतली ‘फक्त फॅमिली’, ‘बॅचलर नको’, ‘शाकाहारीच’ ही अट तुमची निवड किती आकसते, तेही लगेच कळेल.

आता उदाहरण. आकडे रीत समजावण्यापुरते धरलेले आहेत. ऑफिस खराडीत. खराडीतच टू बीएचके मेंटेनन्ससह २८,०००, ऑफिस तीन किलोमीटर. फुरसुंगीत तसाच फ्लॅट १७,०००, ऑफिस चौदा किलोमीटर. महिन्याला २२ दिवस, दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देते, पेट्रोल १०५ रुपये. खराडीतून महिन्याचं पेट्रोल साधारण ३१० रुपयांचं, फुरसुंगीतून साधारण १,४४० रुपयांचं. म्हणजे फुरसुंगीत भाड्याचे ११,००० वाचले, पेट्रोलचे १,१३० जास्त गेले, निव्वळ बचत ९,८७० रुपये.

स्वस्त ना? आता वेळ. खराडीतून एका वेळेला १५ मिनिटं, फुरसुंगीतून मगरपट्टा-मुंढवामार्गे गर्दीत ५० मिनिटं धरली, तर दिवसाला ७० मिनिटं जास्त. महिन्याला साडेपंचवीस तासांच्या वर. ९,८७० ला त्याने भागलं की तासाला साधारण ३८५ रुपये मिळतात. लांब राहून, रोज तेवढा वेळ गाडीवर बसून, तुम्ही कमावता ते एवढं. हातात ६६,००० येणारा माणूस दिवसाला नऊ तास धरले तर तासाला ३३३ कमावतो. त्याच्यापुरतं फुरसुंगी परवडतं. घरी दोन वर्षांचं मूल असेल आणि बायकोचीही नोकरी असेल, तर मी हा आकडा बाजूला ठेवून जवळचं घर घेईन, भले टू बीएचकेऐवजी वन बीएचके मिळो. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत ५० मिनिटांची ७५ होतात, हेही त्यात धरा.

रस्ता मंगळवारी सकाळी नऊला स्वतः चालवून बघा. रविवारी दुपारी पुणं फार मोकळं आणि देखणं दिसतं. हिंजवडीला जाणाऱ्यांनी भूमकर चौक संध्याकाळी सहाला बघावा, त्याशिवाय ताथवडे-पुनावळ्यात टोकन देऊ नये.

ऑफिस मेट्रोच्या रांगेत असेल तर सगळं चित्र बदलतं. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन मार्गांवर १० ते ३५ रुपयांत जाता येतं आणि वेळ ठरलेली. शिवाजीनगर किंवा स्वारगेटला नोकरी असेल तर दापोडी-कासारवाडीकडे घर बघायला हरकत नाही, जिकडे सोलापूरकर सहसा फिरकत नाहीत. आपण सगळे हडपसर पकडतो, कारण सोलापूर रस्ता. बसवर विसंबणाऱ्यांनी जुने आकडे विसरावेत. जून २०२५ च्या दरवाढीत पीएमपीचा मासिक पास ९०० वरून १,५०० झाला.

पायरी ५: भाड्याच्या आजूबाजूचे पैसे

डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं. एजंटामार्फत घर घेतलं तर एक महिन्याची दलाली. करार सहसा अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरी करून भागवू म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा.

नोंदणीचा खरा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: करारकाळाच्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. भाडं १५,००० आणि डिपॉझिट ४५,००० असेल तर अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००, व्याजाचे ४,१२५, एकूण १,६९,१२५. त्याचे पाव टक्के म्हणजे सुमारे ४२३ रुपये. शहरी हद्दीत नोंदणी फी १,०००. यावर एजंट जे मागतो ती त्याची घरी येऊन अंगठे घेण्याची मजुरी. ती द्यायची असेल तर द्या, पण ‘सरकारी फीच एवढी आहे’ हे ऐकून घेऊ नका. करार एकदम २२ किंवा ३३ महिन्यांचा करता आला तर दरवर्षीचा हा खटाटोप टळतो. भाडेवाढीचा टक्का मात्र आधीच लिहून घ्या.

मेंटेनन्स भाड्यात की वेगळं? पार्किंग मिळणार का? घर सोडताना रंगकामाचे किती कापणार? तिन्ही उत्तरं करारात यायला हवीत. सोसायटी बिगर-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) किती लावते तेही विचारा. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाचं देणं आहे.

आणि पाणी. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घराघरात टाकी आणि सवय दोन्ही आहे. पुण्यात चकचकीत सोसायटी, जलतरण तलाव आणि रोज टँकर, असा प्रकार सापडतो. वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडी, वाकड या भागांतल्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात, आणि तो खर्च कधी मेंटेनन्समध्ये जिरतो तर कधी वेगळा मागितला जातो. मी वर स्वस्त म्हणून घेतलेल्या फुरसुंगीत भाडं कमी असण्याची कारणंही आहेत. शेजारीच उरुळी देवाचीचा कचरा डेपो. त्याने परिसरातल्या विहिरी-बोअरचं पाणी खराब झालं आणि अनेक वर्षं लोक टँकरवर राहिले. घर बघताना मे महिन्याचं मेंटेनन्स बिल दाखवा म्हणा. दाखवायला टाळाटाळ झाली की समजायचं. एकदा संध्याकाळी, वारा सुटल्यावरही जाऊन या.

पायरी ६: मुलं आणि दुसरा पगार

बायको सोलापुरात शिकवण्या घेत असेल किंवा शाळेत असेल, तर तिचं उत्पन्न पुण्यात निदान सहा महिने शून्य धरा. हे न धरता ‘माझा पगार वाढला’ म्हणणं म्हणजे अर्धाच हिशोब. पुढे तिला पुण्यात जास्त मिळू शकेल, पण तो वेगळा रकाना.

शाळेची फी विचारताना प्रवेश फी, बस, पुस्तकं-गणवेश आणि ‘ॲक्टिव्हिटी’ हे चारही आकडे मागा. बस बऱ्याचदा फीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, म्हणून चालत जाता येईल अशी शाळा आधी बघून मग घर बघणं शहाणपणाचं. वर्षाच्या मध्ये हललात तर दोन शाळांची फी पडते. नोकरी ऑक्टोबरमध्ये सुरू होत असेल तर कुटुंबाने एप्रिलपर्यंत सोलापुरातच थांबावं. आरटीईतून (शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागांवर) प्रवेश घेणार असाल तर पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृतच लागतो.

पायरी ७: किराणा आणि ‘इतर’

किराण्याची भीती अनाठायी आहे. भाजी, दूध, फळं थोडी चढी. बाकी पाकिटबंद माल तोच. उन्हाळ्यात मार्केट यार्डातून चौघांनी मिळून वर्षाचं धान्य भरलं तर फरक आणखी कमी होतो.

पैसा जातो तो ‘इतर’ मध्ये. शनिवारी संध्याकाळी घरात बसवत नाही, मग मॉल, मग जेवण. सोसायटीतल्या पोरांचे वाढदिवस आणि त्यांची भेट. ऑफिसातली वर्गणी. दहा मिनिटांत घरपोच येणारी कोथिंबीर, जिच्यासोबत आइस्क्रीमही येतं. यातलं काही चैन म्हणण्यासारखं नाही. नव्या शहरात ओळखी पैसे खर्चूनच होतात. पण सोलापुरातले ‘इतर’ ४,००० असतील तर पुण्यात निदान ६,००० धरा. तेवढ्यात भागलं तर तुमचं कौतुक.

पायरी ८: गावाकडच्या फेऱ्या

सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या वर्षी माणूस दर महिन्याला पळतो: गड्ड्याची यात्रा, दिवाळी, लग्नं, आजारपणं. हा खर्च कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नसतो. हुतात्मा एक्स्प्रेसचं आरक्षण मिळालं तर सगळ्यात स्वस्त. एसटीत महिलांना (मार्च २०२३ पासून) अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आई-वडिलांनी इकडे येणं तुम्ही तिकडे जाण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. गाडीने जाणाऱ्याला पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे टोल लागतात. वर्षात दहा-बारा फेऱ्या होणार असतील तर राष्ट्रीय महामार्गांसाठी ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. त्यात २०० टोल पार करता येतात.

पायरी ९: गोळाबेरीज

धरलेलं कुटुंब: नवरा-बायको, एक मुलगी, सोलापुरात जुळे सोलापूरला भाड्याने, हातात ४२,०००. पुण्यात घर फुरसुंगीला. डावीकडे सोलापूर, उजवीकडे पुणे:

भाडं व मेंटेनन्स: ८,००० / १७,०००
किराणा, दूध, भाजी: ९,००० / ११,०००
वीज, गॅस, मोबाइल, इंटरनेट: ३,००० / ३,०००
पेट्रोल: १,५०० / २,२००
शाळा व बस: २,५०० / ६,०००
धुणं-भांडी: १,००० / २,०००
आई-वडिलांना: ३,००० / ३,०००
कर्जाचा हप्ता: ४,००० / ४,०००
इतर: ४,००० / ६,०००
गावाकडच्या फेऱ्या: ० / २,५००
एकूण: ३६,००० / ५६,७००

सोलापुरात ६,००० उरत होते. पुण्यातही तेवढेच उरायचे तर ५६,७०० अधिक ६,०००, म्हणजे हातात ६२,७०० हवेत. समजा ऑफर ६६,००० हातात येण्याची आहे. ५७ टक्के वाढ! प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा जास्त उरतात ३,३००.

कॅल्क्युलेटरवाली रीत इथे कशी चुकते तेही बघा. खर्च ३६,००० वरून ५६,७०० म्हणजे १.५७५ पट झाला. अख्ख्या पगाराला तेवढ्याने गुणलं तर ६६,१५० येतात, आणि ही ऑफर किंचित तोट्याची दिसते. पण शिल्लकेला गुणायचं कारणच नाही, कारण सोलापुरात ठेवलेले सहा हजार आणि पुण्यात ठेवलेले सहा हजार सारखेच. याला अपवाद एकच: ती शिल्लक पुण्यातल्या फ्लॅटसाठी असेल तर. मग ध्येयच पुण्याच्या भावाचं झालं, शिल्लकही त्या मापाने वाढली पाहिजे. पुढे सोलापूरलाच परतायचं आहे की इथेच घर घ्यायचं आहे, हे ठरवून मगच हा आकडा वाचा.

पायरी १०: हलण्याचे पैसे आणि बोलणी

वरच्याच घराचा एकदाचा खर्च: डिपॉझिट ४५,०००, दलाली १५,०००, करार २,०००, टेंपो-हमाली २०,०००, शाळाप्रवेश १०,०००, पडदे-फिल्टर-किरकोळ ८,०००, पहिल्या महिन्याचं भाडं-मेंटेनन्स १७,०००. पहिला पगार व्हायच्या आत १,१७,००० हाताशी हवेत. डिपॉझिट परत येईल आणि भाडं महिन्याच्या हिशोबात आलेलंच आहे. कायमचे गेलेले ५५,०००. महिन्याला ३,३०० जास्त उरत असतील तर ते भरून निघायला जवळपास सतरा महिने लागतात. दीड वर्षाच्या आत नोकरी बदलायचा विचार असेल तर या ऑफरमध्ये पैशाच्या बाजूने अर्थ नाही. अनुभव, कंपनीचं नाव, पुढची वाट यांसाठी जायचं तर जरूर जा.

म्हणून बोलणी करताना टक्के मागू नका. “हलण्याचा खर्च ५५ हजार येतोय, तेवढा तरी द्या” असं रुपयांत मागा. पगाराची चौकट न हलवणाऱ्या कंपन्या सामान हलवण्याचा खर्च, जॉइनिंग बोनस किंवा पंधरा दिवस गेस्टहाउस द्यायला तयार होतात. जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडलं तर परत द्यावा लागतो, ते वाचून सही करा.

टेंपोवाल्याला किमती विचारताना हमाली, मजले आणि टोल यांसकट उक्ता आकडा घ्या, आणि कपाट खोलून जोडायचं कोण, तेही ठरवा. एमएच १३ ची गाडी पुण्यात चालवायला पुन्हा नोंदणी लागत नाही. राज्य तेच असल्याने आरसी बुकवरचा पत्ता बदलला की झालं. बंगळूर-हैदराबादला जाणाऱ्यांना बारा महिन्यांच्या वर राहिल्यास नोंदणी आणि रोड टॅक्स दोन्ही बघावं लागतं.

शक्य असेल तर आधी एकट्याने येऊन दोन महिने कॉट बेसिसवर राहा आणि मेसचा डबा लावा. दोन ठिकाणचा खर्च होतो खरा, पण ऑफिसचा रस्ता कळतो, संध्याकाळी फिरून घरं बघता येतात आणि थेट मालकाकडून घर मिळालं तर दलालीचे पंधरा हजार तिथेच वाचतात.

कुटुंब आल्यावर तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वहीत तिसरा रकाना पाडा आणि प्रत्यक्ष खर्च लिहा. पहिल्या दोन महिन्यांचे आकडे धरू नका, त्यात पडदे, बादल्या आणि पाहुणेच जास्त असतात. ‘इतर’ आणि ‘फेऱ्या’ या दोन ओळी अंदाजाबाहेर गेलेल्या दिसतील. तिथे आकडा सुधारून घ्या. नवव्या महिन्यात मालकाला स्वतः फोन करा आणि पुढच्या कराराचं भाडं ठरवा. एजंट नूतनीकरणासाठी अर्ध्या महिन्याची दलाली मागायला दहाव्या महिन्यात येतो.